स्लाइड स्कॅनर: काचेवर आहे ते सगळे पडद्यावर येते का?

सूक्ष्मवेध

आमच्या हिस्टोपॅथॉलॉजी (ऊतींची तपासणी करणाऱ्या) विभागात स्लाइड स्कॅनर, म्हणजे काचेवरील ऊतीची डिजिटल प्रतिमा टिपणारे यंत्र, घेण्याचा विचार चालू आहे आणि त्यानिमित्ताने वेगवेगळ्या यंत्रांची प्रात्यक्षिके पाहून झाली. एका स्लाइडला किती सेकंद लागतात आणि एका वेळी किती स्लाइड भरता येतात, हेच आकडे प्रत्येक वेळी पुढे केले जातात. वेग महत्त्वाचा आहे, याबद्दल वाद नाही. पण ज्याला त्या प्रतिमेवरून रिपोर्ट देऊन खाली सही करायची आहे, त्याचा पहिला प्रश्न वेगळा असतो. काचेवर जेवढी ऊती आहे तेवढी सगळी पडद्यावर आली आहे, आणि निदानाला पुरेल इतकी स्पष्ट आली आहे, हे त्याने कशावरून ठरवायचे?

ज्यांचा या यंत्राशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी त्याचे काम थोडक्यात सांगतो. स्लाइड ७५ मिलिमीटर लांब व २५ मिलिमीटर रुंद असते. तिच्यावर ३ ते ५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा, हिमॅटॉक्सिलिन व इओसिन या रंगांनी रंगवलेला छेद, म्हणजे ऊतीचा पातळ काप, असतो आणि त्यावर सुमारे ०.१७ मिलिमीटर जाडीची कव्हरस्लिप बसवलेली असते. स्कॅनर आधी संपूर्ण स्लाइडचा एक ढोबळ फोटो काढतो, त्यात ऊती कुठे आहे हे स्वतः ओळखतो, तेवढ्याच भागाभोवती चौकट आखतो, चौकटीतील काही ठिकाणी फोकस घेतो आणि मग स्लाइड भिंगाखालून सरकवत एकेक चिंचोळा पट्टा किंवा एकेक चौकोन टिपत जातो. हे तुकडे जोडून शेवटी एक अखंड प्रतिमा तयार होते. म्हणजे आपण पडद्यावर काही पाहण्याआधीच यंत्राने दोन निर्णय परस्पर घेतलेले असतात: स्लाइडचा कोणता भाग टिपायचा, आणि कोणत्या पातळीवर फोकस करायचा. मायक्रोस्कोपवर हे दोन्ही निर्णय आपलेच हात घेत असतात.

माहितीपत्रकातील ४०एक्स, म्हणजे ४० पट, या आकड्यावरही फार विसंबू नये, असे माझे मत झाले आहे. अनेक स्कॅनरमध्ये प्रत्यक्षात २०एक्सचेच भिंग असते; त्याचे न्यूमरिकल ॲपर्चर (बारीक तपशील वेगळा दाखवण्याची भिंगाची क्षमता सांगणारा आकडा) ०.७५ असते आणि पुढे प्रतिमा दुप्पट मोठी करून कॅमेऱ्यावर पाडली जाते. त्यात लबाडी काही नाही. हे भिंग सुमारे ०.४५ मायक्रॉनपर्यंतचा तपशील वेगळा दाखवू शकते आणि पिक्सेल ०.२५ मायक्रॉनचा असला की तो तपशील जवळपास पुरता पकडला जातो. मात्र त्यापुढे पिक्सेल कितीही बारीक केले तरी भिंगाला जे दिसत नाही ते फाइलमध्ये येणार नाही. शिवाय याच भिंगाची फोकसची खोली जेमतेम १ मायक्रॉन असते, म्हणजे छेदाच्या जाडीचा तिसरा ते पाचवा हिस्साच एका वेळी खऱ्या अर्थाने स्पष्ट असतो. बाकीचा पाहण्यासाठी आपण मायक्रोस्कोपवर फाइन फोकसची चकती फिरवतो. पडद्यावर ती चकती नाही.

ज्यांच्याकडे स्कॅनर रोजच्या कामात आहे त्यांनी आपला अनुभव कृपया सविस्तर लिहावा. यंत्रांची तुलना नको आहे. कामात कुठे अडते, ते हवे आहे.

काचपट्टी

मी तंत्रज्ञ आहे, त्यामुळे रिपोर्टिंगबद्दल न लिहिता स्लाइड यंत्रात जाईपर्यंत काय घडते तेवढेच लिहिते. स्कॅनर आल्यापासून आमच्या विभागात सर्वाधिक बदल झाला तो स्कॅनरच्या खोलीत नव्हे, तर मायक्रोटोम (छेद कापण्याचे यंत्र) आणि माउंटिंगच्या (कव्हरस्लिप चिकटवण्याच्या) टेबलावर झाला. मायक्रोस्कोपवर पाहणारे डॉक्टर छेदाला पडलेली घडी, हवेचा बुडबुडा किंवा थोडा जाड कापला गेलेला कोपरा सहज चालवून घेत असत, कारण त्यांचा हात नकळत फोकस सांभाळत असे. यंत्र तसे करत नाही. फोकसचा बिंदू नेमका घडीवर पडला तर यंत्र घडीच्या उंचीवर फोकस धरते आणि आजूबाजूची सपाट, चांगली ऊती धूसर येते. कव्हरस्लिपवर धूळ किंवा वाळलेल्या माउंटिंग द्रव्याचा डाग असेल, तर कधी त्या डागावरच फोकस बसतो आणि खालचा संपूर्ण छेद अंधुक दिसतो. स्लाइड नीट वाळण्याआधी रॅकमध्ये भरली तर ती चिकटते; कव्हरस्लिप काठाबाहेर थोडी जरी आली किंवा लेबलचा कोपरा उचललेला असला, तरी ती आत अडकते आणि तिच्यामागची सगळी रांग खोळंबते. डॉक्टरांनी पूर्वी शाईने ठिपके लावून ठेवलेली जुनी स्लाइड स्कॅनला आली, तर आधी ते ठिपके स्पिरिटने पुसून घ्यावे लागतात, नाहीतर यंत्र शाईलाच ऊती समजते.

हे सारे दोष किमान डोळ्यांना दिसतात, त्यामुळे त्यांची मला तितकी धास्ती वाटत नाही. धास्ती वाटते ती चौकटीची. स्तनाच्या गाठीच्या शस्त्रक्रियेतून आलेल्या नमुन्याचे उदाहरण देते. अशा नमुन्यात मधला भाग गडद गुलाबी-जांभळा असतो आणि त्याच्याभोवती चरबी असते. प्रक्रियेत चरबीतील मेद विरघळून जातो व पेशींच्या भिंतींची विरळ जाळी तेवढी उरते; ढोबळ फोटोत ती जवळजवळ काचेसारखीच पांढरी दिसते. मी एकदा ढोबळ फोटो उघडला, तेव्हा यंत्राने गडद भागाभोवती अगदी बरोबर चौकट आखलेली होती आणि त्या चौकटीच्या बाहेर, चरबीच्या टोकाला, काळ्या शाईची बारीक रेघ होती. ती रेघ म्हणजे सर्जनने कापलेली कड. कर्करोग त्या कडेपर्यंत पोचला आहे की नाही, याच प्रश्नासाठी ती शाई लावलेली असते, आणि तो भाग मोठ्या प्रतिमेत नव्हताच. जे आले होते ते इतके स्वच्छ व सुबक होते, की केवळ मोठी प्रतिमा पाहणाऱ्याला काही सुटले आहे अशी शंका येण्याचे कारण नव्हते. हीच अडचण सुईने घेतलेल्या बायोप्सीच्या सुट्या पडलेल्या बारीक कणांची, म्यूकसमध्ये तरंगणाऱ्या थोड्याशा पेशींची आणि जवळपास काहीच रंग न घेतलेल्या इम्युनो (प्रतिपिंडांनी विशिष्ट प्रथिन रंगवण्याच्या) स्लाइडची असते.

म्हणून आमच्याकडे स्तनाच्या व चरबीयुक्त नमुन्यांसाठी आपोआप चौकट आखण्याची सोय बंद ठेवलेली आहे. तिथे ठरलेले मोठे क्षेत्र स्कॅन होते. बाकीच्या प्रत्येक स्लाइडचा ढोबळ फोटो आणि स्कॅन झालेला भाग शेजारी शेजारी लावून पाहिल्याशिवाय ती केस डॉक्टरांच्या यादीत जात नाही.

नवशिका

मी पदव्युत्तर विद्यार्थी आहे. प्रश्न कदाचित बाळबोध असेल, पण लेबल सोडून संपूर्ण स्लाइडच सरसकट स्कॅन केली तर चौकटीची कटकट कायमची मिटणार नाही का?

काचपट्टी

प्रश्न योग्य आहे; उत्तर वेळेत आणि जागेत आहे. लेबल वगळता उरलेली काच साधारण ५० गुणिले २५, म्हणजे १,२५० चौरस मिलिमीटर भरते, तर नेहमीचा छेद १५ गुणिले १५, म्हणजे २२५ चौरस मिलिमीटरच्या आसपास असतो. प्रत्येक स्लाइडला साडेपाच पट वेळ द्यायचा म्हटले, तर सकाळी भरलेले यंत्र संध्याकाळीही रिकामे होणार नाही. दुसरे असे की रिकाम्या काचेवर फोकस धरायला काहीच नसते, त्यामुळे यंत्र तिथे चाचपडत राहते आणि काही वेळा संपूर्ण स्कॅन सोडून देते.

जुना मायक्रोस्कोप

वरील चर्चा वाचून बरे वाटले, कारण स्कॅनरचे गुणगान करणारे लेखन पुष्कळ वाचायला मिळते आणि त्यात ही चौकट कुठेच नसते. मी आता बहुतेक नेहमीच्या केसेस पडद्यावरच पाहतो, तरीही माझ्या टेबलावरचा मायक्रोस्कोप हलवू देत नाही. त्याची कारणे भावनिक नाहीत.

पहिले कारण जठराच्या बायोप्सीचे. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू २ ते ४ मायक्रॉन लांब आणि अर्धा ते १ मायक्रॉन रुंद असतो, म्हणजे ०.२५ मायक्रॉनच्या पिक्सेलने मोजले तर त्याची रुंदी दोन ते चार पिक्सेल भरते. तो म्यूकसच्या थरात वेगवेगळ्या पातळ्यांवर असतो. फोकसची चकती किंचित फिरवली की कुठून तरी एक वाकडी दांडी उमटते आणि खात्री पटते. एकाच पातळीवर टिपलेल्या प्रतिमेत तीच दांडी म्यूकसच्या धाग्यासारखी दिसते. इम्युनो किंवा दुसरा खास रंग देऊन घेतला तर प्रश्न सुटतो, पण मग त्या वाढीव कामाचा हिशेब आधीच धरायला हवा. क्षयरोगाच्या जिवाणूंसाठी झील-नील्सन पद्धतीने रंगवलेली स्लाइड तर आपण परंपरेने १००एक्सच्या तेलाच्या भिंगाखाली पाहतो. तिथे ०.७५ ॲपर्चरच्या कोरड्या भिंगाने टिपलेली प्रतिमा पाहून 'जिवाणू आढळले नाहीत' असे लिहायला माझा हात धजत नाही.

दुसरे कारण विभाजन पावणाऱ्या पेशींच्या मोजणीचे. आकसून काळवंडलेले केंद्रक आणि खरोखर विभाजित होणारे केंद्रक यांतला फरक पुष्कळदा काठांवरच्या बारीक केसाळपणात असतो, आणि तो फोकस वरखाली केल्यावर अधिक कळतो. सूक्ष्मदर्शक आणि पडदा यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत मतभेद आढळले ते बऱ्याच अंशी अशाच जागी: केंद्रकाचा बारीक तपशील, डिस्प्लेझियाची (पेशींतील कर्करोगपूर्व बदलांची) प्रतवारी आणि अगदी लहान वस्तू शोधण्याचे काम.

तिसरे कारण अमायलॉइडचे, म्हणजे ऊतीत साठणाऱ्या असामान्य प्रथिनाचे. काँगो रेड दिलेल्या स्लाइडवर ध्रुवित प्रकाशात दिसणारी सफरचंदी हिरवी झळाळी साध्या स्कॅनरमध्ये येतच नाही, कारण त्यात ध्रुवित प्रकाशाची सोय नसते. संधिवाताच्या स्फटिकांबाबतही तेच. इथे प्रतिमा चांगली की वाईट हा प्रश्नच उद्भवत नाही. जी गोष्ट पाहायची ती टिपलीच गेलेली नसते.

सायटोलॉजीविषयी (सुट्या पेशींच्या तपासणीविषयी) एवढेच म्हणतो, की सुईने काढलेल्या द्रावाच्या स्मिअरमध्ये (काचेवर पसरलेल्या थरात) पेशींचे पुंजके खोलीत रचलेले असतात. तेथे अनेक पातळ्यांवर स्कॅन करावे लागते आणि जितक्या पातळ्या तितक्या पटीने वेळ व फाइलचा आकार वाढतो. ज्यांचे काम प्रामुख्याने सायटोलॉजीचे आहे त्यांनी घाई करू नये.

सूक्ष्मवेध

विभाजनांच्या मोजणीबद्दल मात्र थोडी दुसरी बाजू मांडतो. मायक्रोस्कोपवर आपण 'दहा हाय-पॉवर फील्डमध्ये इतकी विभाजने' असे लिहीत आलो, पण फील्डचा, म्हणजे एका वेळी दिसणाऱ्या वर्तुळाचा, आकार आयपीसवर (डोळ्याजवळच्या भिंगावर) अवलंबून असतो. फील्ड नंबर (भिंगाच्या पटीने भागला की वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये देणारा आकडा) २२ असलेल्या आयपीसमधून ४०एक्सने ०.५५ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे सुमारे ०.२४ चौरस मिलिमीटरचे क्षेत्र दिसते. फील्ड नंबर १८ असेल तर तेच ०.१६ चौरस मिलिमीटर होते. एकाच स्लाइडवर दोघा डॉक्टरांनी दहा-दहा फील्ड मोजली, तर एकाने दुसऱ्याच्या दीडपट ऊती पाहिलेली असू शकते आणि रिपोर्टमध्ये ते कुठेही दिसत नाही. पडद्यावर क्षेत्र चौरस मिलिमीटरमध्ये आखून मोजता येते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाच्या पाचव्या आवृत्तीतही चौरस मिलिमीटरवरच भर आहे.

यातच एक खाचही आहे. ०.२५ मायक्रॉनच्या प्रतिमेत १,९२० गुणिले १,०८० पिक्सेलच्या पडद्यावर एका वेळी ०.४८ गुणिले ०.२७, म्हणजे सुमारे ०.१३ चौरस मिलिमीटर दिसते, तर फोर-के पडद्यावर त्याच्या चौपट. जो कोणी 'एक पडदा म्हणजे एक फील्ड' असे धरून मोजेल, त्याची प्रतवारी मॉनिटर बदलल्याबरोबर बदलेल. त्यामुळे माझ्या मते पडद्यावर मोजणी करायची तर ती आखलेल्या क्षेत्रातच करावी, अन्यथा करूच नये.

जुना मायक्रोस्कोप

क्षेत्रफळाचा मुद्दा मान्य. मोजायचे क्षेत्र पडद्यावर आखावे आणि शंका असलेले केंद्रक काचेवर जाऊन पाहावे, ही तडजोड मला पटण्यासारखी आहे. तसेच इम्युनोच्या चार-पाच स्लाइड एकाच वेळी, एकाच जागी आणि एकत्र सरकत पाहता येणे, ही सोय मला मायक्रोस्कोपने आजवर कधी दिली नव्हती, हेही नोंदवतो.

माहितीसाठा

मी प्रयोगशाळांची संगणक-यंत्रणा सांभाळतो. खरेदीच्या चर्चेत स्कॅनरवर जितका वेळ जातो, त्याच्या दहाव्या हिस्स्याइतकाही साठवणुकीवर जात नाही, म्हणून गणित मांडतो. १५ गुणिले १५ मिलिमीटर क्षेत्र ०.२५ मायक्रॉनने टिपले तर प्रतिमा ६०,००० गुणिले ६०,००० पिक्सेलची, म्हणजे ३६० कोटी पिक्सेलची होते. प्रत्येक पिक्सेलला रंगाचे तीन बाइट धरले तर ती जवळपास ११ गिगाबाइट भरते. जेपेग पद्धतीने दाबल्यावर ती साधारण एक गिगाबाइटच्या घरात येते, नमुन्यानुसार कमी किंवा जास्त. रोज ३०० स्लाइड आणि वर्षाला ३०० दिवस काम धरले तर वर्षाअखेर सुमारे ९० टेराबाइट झाले, आणि त्यात दुसऱ्या ठिकाणी ठेवायची प्रत धरलेली नाही. ०.५ मायक्रॉनने, म्हणजे २०एक्सला स्कॅन केले तर हा आकडा एक चतुर्थांशावर येतो. त्यामुळे कोणते नमुने कोणत्या पातळीवर स्कॅन करायचे हे डॉक्टरांनी आधी ठरवून दिले, तर साठवणुकीचा आराखडा वास्तवाला धरून होतो.

एवढी मोठी फाइल पडद्यावर झटकन कशी उघडते, असे पुष्कळ जण विचारतात. फाइलमध्ये मूळ प्रतिमेबरोबरच तिच्या निम्म्या, पाव, अष्टमांश अशा उतरत्या आकाराच्या प्रती ठेवलेल्या असतात आणि प्रत्येक प्रत लहान चौकोनांत विभागलेली असते. आपण जिथे पाहत आहोत तिथले आणि तेवढ्याच पातळीवरचे चौकोन मागवले जातात. या सगळ्या प्रतींमुळे फाइल सुमारे एक तृतीयांशानेच वाढते. म्हणून वाचणाऱ्याच्या बाजूला प्रचंड बँडविड्थ लागत नाही. विलंब, म्हणजे चौकोन मागवल्यापासून तो येईपर्यंतचा वेळ, मात्र कमी असावा लागतो. प्रत्येक हालचालीनंतर पडदा क्षणभर धूसर राहिला तर डॉक्टर दोन दिवसांत कंटाळून मायक्रोस्कोपकडे परततात आणि दोष स्कॅनरवर येतो.

फाइलच्या स्वरूपाबद्दल करारात स्पष्ट लिहून घ्यावे. बहुतेक उत्पादकांचे स्वतःचे स्वरूप असते. एसव्हीएस, एनडीपीआय, एमआरएक्सएस ही त्यांतली नावे आपण ऐकली असतील. ओपनस्लाइडसारख्या मुक्त सॉफ्टवेअरमुळे यांतली बरीच वाचता येतात. रेडिओलॉजीत सर्वमान्य असलेल्या डायकॉम मानकात संपूर्ण स्लाइडच्या प्रतिमांची तरतूद २०१० मध्येच झाली, पण पॅथॉलॉजीत तिचा वापर फार सावकाश पसरला. पुढे स्कॅनर बदलला तर जुन्या केसेस कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणार, या प्रश्नाचे लेखी उत्तर मिळाल्याशिवाय सही करू नये.

आणखी एक बाब, जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. काचपट्टी यांनी ज्या ढोबळ फोटोचा उल्लेख केला तो आणि लेबलचा फोटो दोन्ही त्याच फाइलमध्ये जोडलेले असतात. लेबलवर रुग्णाचे नाव असेल तर ते फाइलसोबत प्रवास करते. फाइलचे नाव बदलून ती अध्यापनासाठी किंवा संशोधनासाठी बाहेर दिली, तरी लेबलचा फोटो आत तसाच असतो. तो वेगळा काढून टाकावा लागतो.

दुसरे मत

धागाकर्त्यांचा मूळ प्रश्न 'कशावरून ठरवायचे' असा आहे, म्हणून प्रमाणीकरणाबद्दल लिहिते. कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्स या संस्थेने यासाठी २०१३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि २०२१ मध्ये ती सुधारली. त्यांनुसार प्रत्येक प्रयोगशाळेने, दुसरीकडे कितीही चाचण्या झालेल्या असल्या तरी, स्वतःच्या कामासाठी स्वतः पडताळणी करायची असते. एका प्रकारच्या कामासाठी किमान ६० केसेस घ्यायच्या. एकाच डॉक्टरने त्या काचेवर आणि पडद्यावर पाहायच्या. दोन वेळांमध्ये किमान दोन आठवड्यांचे अंतर ठेवायचे, जेणेकरून पहिले निदान आठवणीत राहू नये. आणि दोन्ही निदाने ९५ टक्क्यांपेक्षा कमी जुळली तर कारण शोधायचे. इम्युनो किंवा खास रंग पहिल्या संचात नसतील तर त्यांच्यासाठी आणखी २० केसेस. काचपट्टी यांचा मुद्दा या तत्त्वांतही आहे: काचेवरची सगळी सामग्री प्रतिमेत आली आहे याची खात्री करणे हा पडताळणीचाच भाग मानलेला आहे.

या केसेस कशा निवडायच्या, यावर मात्र मी आग्रही आहे. सोप्या साठ केसेस निवडून शंभर टक्के जुळणी दाखवणे अवघड नसते. आपल्याकडे रोज जे येते त्याच प्रमाणात केसेस घ्याव्यात आणि जुना मायक्रोस्कोप यांनी सांगितलेल्या अडचणीच्या जागा त्यात हमखास असाव्यात. न जुळलेली प्रत्येक केस कोणाच्या तरी चुकीत न ढकलता तिसऱ्या व्यक्तीला दाखवावी, कारण काचेवरचे पहिले निदान नेहमीच बरोबर असते असे नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध व उपकरण नियामक संस्थेने एप्रिल २०१७ मध्ये फिलिप्सच्या इंटेलिसाइट प्रणालीला प्राथमिक निदानासाठी परवानगी दिली, तेव्हा जमेस धरलेल्या अभ्यासात १,९९२ केसेस आणि १६ पॅथॉलॉजिस्ट होते. मूळ निदानाशी गंभीर विसंगती पडद्यावर ४.९ टक्के आणि मायक्रोस्कोपवर ४.६ टक्के आढळली. या दोन आकड्यांतील फरकापेक्षा मला दुसरा आकडा अधिक बोलका वाटतो. काचेवरही विसंगती होतीच. आपण ती एरवी मोजत नाही.

ती परवानगी स्कॅनर, पाहण्याचे सॉफ्टवेअर आणि पडदा अशा संपूर्ण साखळीला होती, हेही ध्यानात घ्यावे. घरच्या लॅपटॉपवर तीच फाइल उघडली म्हणजे तीच प्रतिमा दिसली, असे होत नाही. रंगाची छटा, चमक आणि खोलीतला उजेड बदलतो आणि फिकट इओसिनचा फरक तिथेच हरवतो.

नवशिका

कृत्रिम बुद्धिमत्तेचा उल्लेख अजून कोणीच केला नाही, याचे नवल वाटते. स्कॅनर घेण्याचे मुख्य कारण तेच असते ना?

दुसरे मत

काहींसाठी असेल, माझ्यासाठी ते दुय्यम आहे. स्तनाच्या कर्करोगातील लसिका ग्रंथींवर २०१६ मध्ये झालेल्या कॅमेलिऑन१६ स्पर्धेत सर्वांत चांगले अल्गोरिदम वेळेच्या बंधनात काम करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टांच्या पुढे गेले, आणि २०२१ मध्ये एफडीएने प्रोस्टेटच्या बायोप्सीत संशयास्पद जागा दाखवणाऱ्या पेज प्रोस्टेट या सॉफ्टवेअरला परवानगी दिली. दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पण एका स्कॅनरच्या रंगांवर तयार केलेले सॉफ्टवेअर दुसऱ्या स्कॅनरवर किंवा वेगळ्या रंगवलेल्या स्लाइडवर अडखळते, हा नेहमीचा अनुभव आहे. आणि चौकटीबाहेर राहिलेली शाईची कड कोणतेही सॉफ्टवेअर शोधू शकत नाही, कारण ती त्याला दिलेलीच नसते. आधी प्रतिमा पूर्ण आणि स्पष्ट हवी, मग बाकीचे.

सूक्ष्मवेध

सर्वांचे आभार. यावरून मला तीन गोष्टी खरेदीआधीच लेखी हव्या आहेत असे दिसते: कोणत्या नमुन्यांना मोठे क्षेत्र लावायचे, कोणत्या तपासण्या काचेवरच राहतील आणि जुन्या फाइलींचे पुढे काय. एक शेवटचा प्रश्न काचपट्टी यांना आहे. खराब स्कॅन नाकारण्याचा अधिकार आपल्याकडे तंत्रज्ञाला आहे की डॉक्टरांना? आणि नाकारल्यावर ती केस अडून राहते का?

काचपट्टी

दोघांनाही आहे, आणि दोघांनाही नाकारताना कारण निवडावेच लागते: ऊती सुटली, फोकस गेला, जोड चुकला, बारकोड वाचला नाही किंवा स्लाइडचाच दोष. स्लाइडचा दोष असेल तर ती स्कॅनरकडे परत न पाठवता थेट माउंटिंगच्या टेबलावर जाते, कारण बुडबुडा असलेली स्लाइड पुन्हा पुन्हा स्कॅन करून बुडबुडा जात नाही. बाकीच्या स्लाइड रांगेत पुढे घालून एकदा पुन्हा स्कॅन होतात. दुसऱ्यांदाही जमले नाही तर आम्ही तिसरा प्रयत्न करत नाही. काच ट्रेमध्ये घालून डॉक्टरांच्या टेबलावर पाठवतो आणि प्रणालीत त्या केससमोर 'काचेवर पाहावी' अशी खूण दिसते. स्कॅन झालेल्या सर्व स्लाइड रिपोर्टवर सही होईपर्यंत केसच्या क्रमाने ट्रेमध्येच ठेवतो. लगेच कपाटात लावत नाही, कारण मागणी आली तर ती बहुधा त्याच दिवशी येते. बारकोडचे मात्र वेगळे आहे. तो वाचला गेला नाही तर क्रमांक हाताने टाइप करण्याची मुभा एकट्या व्यक्तीला नाही. एकाने वाचायचा आणि दुसऱ्याने लेबलचा फोटो पाहून टाइप करायचा. नाकारण्याच्या कारणांची यादी आठवड्याला काढली जाते आणि एखाद्या मायक्रोटोमवरून आलेल्या स्लाइडमध्ये 'फोकस गेला' वाढलेले दिसले, तर आधी ब्लेड बदलले जाते, मग स्कॅनरच्या माणसाला फोन केला जातो.